दहावी : प्रिलिमचे मार्क आले, आता दीड महिन्यात उजळणी करायची कशी? (आणि रोजच्या बातम्यांचं काय करायचं)

धायरीवाली
नमस्कार मंडळी. मुलगी दहावीला, स्टेट बोर्ड, सेमी. प्रिलिमचे पेपर काल हातात आले. भाषा बऱ्या आहेत, विज्ञान भाग १ ला ४० पैकी २२ आणि भूमितीत १९. आता ती अभ्यासच करत नाही असं असतं तर मी ओरडले असते आणि विषय मिटला असता, पण ती करते हो. पहाटे उठते, क्लासवरून आली की परत बसते, पुस्तकाची पानं हायलायटरने इतकी रंगवलीत की न रंगवलेली ओळ शोधावी लागते. विचारलं की उत्तर ठरलेलं, "हा धडा तीनदा वाचून झालाय". आणि पेपर झाल्यावर "येत होतं गं, ऐनवेळी आठवलं नाही".

बोर्ड २० फेब्रुवारी २०२६ ला सुरू. नवरा म्हणतो क्रॅश कोर्स लावू. फीचा आकडा ऐकून मीच क्रॅश झाले.

त्यात सोसायटीच्या ग्रुपवर रोज एक नवीन बातमी येऊन पडते. सीबीएसईची दहावी दोनदा होणार, राज्यात पण सीबीएसई पॅटर्न, स्कॉलरशिप बदलली, अकरावीचं ऑनलाइन, ते हिंदीचं काय झालं ते. सासूबाई विचारतात, यंदा परीक्षा नक्की आहे ना गं. यातलं आमच्या कामाचं काय, आणि मुख्य म्हणजे उजळणी करायची कशी, हे कोणी शिकवणारं-तपासणारं असेल तर सांगा प्लीज. टाइमटेबलचे फोटो टाकू नका, एक भिंतीवर आहे, एक फ्रीजवर आहे.

पेठेतला_पक्या
क्रॅश कोर्सचे पैसे वाचवा. अप्पा बळवंत चौकात जा, मागच्या वर्षांच्या बोर्डाच्या प्रश्नपत्रिकांचा संच आणि दोन दस्ते फुलस्केप घ्या, उरलेल्या पैशात घरादाराला मिसळ घाला. गाडी मात्र लांब लावा, तिथे उचलतात.

खडूफळा
धायरीवाली ताई, मी नववी-दहावीला गणित-विज्ञान शिकवते. "येत होतं पण आठवलं नाही" हे दर जानेवारीत ऐकते आणि पोरं खोटं बोलत नसतात. तिसऱ्यांदा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटलं की येतंय असं वाटतं. पेपरात पुस्तक समोर नसतं एवढाच काय तो फरक.

आज रात्रीच एक करून बघा. विज्ञान १ मधला भिंगांचा धडा, तिने वाचलेला असणारच. पुस्तक मिटायचं, कोरा कागद द्यायचा आणि विचारायचं : बहिर्वक्र भिंग, नाभीय अंतर १० सेमी, वस्तू १५ सेमीवर, प्रतिमा कुठे आणि कशी मिळेल? उत्तर आहे ३० सेमी, भिंगाच्या पलीकडे, वास्तव, उलटी, दुप्पट. आता गंमत बघा, सूत्र वर्गात सगळ्यांना पाठ असतं, चिन्ह संकेत विचारले तर धडाधड म्हणून दाखवतात, आणि तरीही ढिगाने पोरांचं उत्तर ६ सेमी येतं. कारण वस्तूचं अंतर उणे १५ घ्यायचं असतं ते राहून जातं. मग १० आणि १५ चे व्यस्त वजा व्हायच्या जागी बेरीज होते आणि आले ६. बाजूला आकृती काढली असती तरी खटकलं असतं, वस्तू नाभी आणि दुप्पट नाभीय अंतराच्या मध्ये आहे म्हणजे प्रतिमा २० सेमीच्या पुढेच जायला पाहिजे, सहा कुठून येईल. हे जे खटकणं आहे ना ते पान चौथ्यांदा वाचून येत नाही, स्वतः चुकल्यावरच येतं.

म्हणून माझं एकच सांगणं. दीड महिन्यात वाचायला बसायचं नाही, लिहायला बसायचं. धड्यावरून एकदा नजर फिरवायची, पुस्तक बंद, आठवेल ते कागदावर, मोडकंतोडकं चालेल. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनाने त्याच कागदावर. तो कागद फेकायचा नाही. दोन-तीन दिवसांनी तोच धडा परत कोऱ्या कागदावर, मग आठवड्याने. लाल शाई कमी होत गेली की तो धडा मागे टाकायचा आणि जिथे होत नाहीये तिथे वेळ घालायचा. आमच्याकडे उलटं होतं, जो धडा छान येतो तोच परत परत करतात कारण तो करताना बरं वाटतं.

क्रॅश कोर्सबद्दल विचाराल तर तिथे परत कोणीतरी फळ्यावर सोडवणार आणि ही उतरवून घेणार. तिला सोडवायला लावत असतील आणि तपासून परत देत असतील तर वेगळं, ते आधी विचारा.

गप्प_बसा
हे सगळं ऐकायला छान वाटतं मॅडम, पण आमच्या वेळी असलं काही नव्हतं. अपेक्षित प्रश्नसंच घ्यायचा, उत्तरं पाठ करायची, पेपरात ओतायची, बोर्डात नंबर आलेली मुलंही हेच करायची. पाठांतराला नावं ठेवायची फॅशन आलीय. आणि ९४ टक्के पोरं पास होतात आता (गेल्या वर्षी दहावीचा निकाल ९४.१० टक्के, कोकण नेहमीसारखं पहिलं), एवढा बाऊ कशाला?

मेंदूपुराण
गप्प_बसा काका, पाठांतराला कोणी नावं ठेवली नाहीत इथे. पाठ करताना तुम्ही काय करायचात? पुस्तक छातीशी धरून डोळे मिटून म्हणायचात, अडलं की बघायचात. म्हणजे तेच की, मॅडम सांगतायत ते. नुसतं बघून बघून कोणाचं पाठांतर झालंय का कधी.

मी मानसशास्त्र शिकतेय म्हणून थोडी भर घालते. २००६ मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कारपिके या दोघांनी कॉलेजच्या पोरांवर एक प्रयोग केला. एका गटाने एक उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने एकदाच वाचला आणि तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे, ८३ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ७१. आठवड्याने विचारलं तर वाचणारे ४० वर आले आणि आठवून लिहिणारे ६१. मला यातला पाच मिनिटांचा आकडाच जास्त महत्त्वाचा वाटतो. धायरीवालींची मुलगी रात्री वाचून झोपते तेव्हा तिला खरंच येत असतं! म्हणून तर तिला पटत नाही की पद्धत चुकतेय.

आणि २०१३ मध्ये डनलॉस्की वगैरे मंडळींनी अभ्यासाच्या दहा पद्धती घेऊन तोपर्यंतच्या सगळ्या संशोधनावरून त्यांची प्रतवारी लावली. स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास अंतर ठेवून विभागून करणं या दोन वरच्या श्रेणीत. हायलायटर आणि पुन्हा पुन्हा वाचणं खालच्या. हायलायटर कंपनीवाले इथे असतील तर क्षमस्व.

गप्प_बसा
अमेरिकेतल्या पोरांचं इथे काय. बरं, व्याख्या शब्द न् शब्द नको का यायला? तिथे स्वतःच्या मनाचं लिहिलं तर मार्क कोण देणार.

लाल_पेन
बरीच वर्षे बोर्डाचे पेपर तपासले, नंतर नियामक (तपासलेले पेपर पुन्हा पडताळणारा) म्हणूनही काम केले, निवृत्त आहे, म्हणून लिहितो. व्याख्या शब्दशः नसली तरी मुद्दा बरोबर असेल तर गुण मिळतात. गुण जातात ते वेगळ्याच गोष्टींत आणि दरवर्षी त्याच त्या.

रासायनिक समीकरण लिहितात, संतुलित करत नाहीत. आकृती सुंदर, नावे नाहीत. उदाहरणाचे उत्तर बरोबर, एकक गायब. भूमितीत प्रमेय सिद्ध करताना पायऱ्या लिहितात, समोर कारणे लिहीत नाहीत. "फरक स्पष्ट करा"ला एका बाजूचे चार मुद्दे आणि दुसऱ्या बाजूला भलतेच चार, एकमेकांसमोर काहीच येत नाही. ही सगळी पाठ असलेली मुले असतात बरं का.

गणितात आणखी एक. ४० गुणांच्या पेपरात चौकटी भरून कृती पूर्ण करा असे प्रश्न असतात, दुसऱ्या प्रश्नात ४ गुणांचे आणि तिसऱ्यात ३. मुलांना वाटते सोपे आहे, ऐनवेळी करू. पण तिथे रीत दुसऱ्याची असते आणि आपल्याला तिच्यात मधूनच शिरायचे असते. स्वतःच्या रीतीने झटपट सोडवणारे हुशार विद्यार्थी तिथे अडखळताना पाहिले आहेत. पुस्तकातल्या चौकटीच्या कृती एकदा तरी हाताने भरून घ्याव्यात, बहुतेकांच्या पुस्तकात त्या कोऱ्याच असतात.

मराठीचे कोणी विचारले नाही पण सांगतो. प्रथम भाषेच्या ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत २४ गुण उपयोजित लेखनाला आहेत. पत्र, जाहिरात, बातमी, कथा, निबंध. हे कुठल्याच धड्यात नाही त्यामुळे "धडे झाले" म्हणणाऱ्यांचे हे राहते.

धायरीवाली
लाल_पेन सर, "एकक गायब" वाचून लगेच पेपर काढून बघितला. उष्णतेच्या उदाहरणात उत्तर बरोबर, कॅलरी लिहिलेलंच नाही. अर्धा गेला तिथे. खडूफळा ताई, तुमचं गणित रात्री जेवण झाल्यावर देते, मग सांगते.

कोथरूडकरीण
सीबीएसईच्या बातमीबद्दल मी सांगते कारण माझा मुलगा यंदा दहावीला आहे, पहिलीच बॅच. त्यांचं १७ फेब्रुवारीला सुरू. हो, दोन परीक्षा आहेत, पण आमच्याही ग्रुपवर लोकांनी वाटेल ते अर्थ काढलेत. पहिली परीक्षा सगळ्यांना सक्तीची. दुसरी मे मध्ये, ऐच्छिक, आणि तीसुद्धा विज्ञान, गणित, समाजशास्त्र आणि भाषा यांपैकी जास्तीत जास्त तीन विषयांना. अंतर्गत मूल्यमापन एकदाच. पहिल्या वेळी तीन किंवा जास्त विषयांना बसलाच नाही तर दुसरी देता येणार नाही. एका आईने मला सरळ सांगितलं की आम्ही फेब्रुवारीची प्रॅक्टिस म्हणून देणार आणि खरी मे मध्ये! मी म्हटलं बाई परिपत्रक वाच.

आणि आमच्याकडे निम्म्या मार्कांचे प्रश्न क्षमताधिष्ठित असतात म्हणजे उतारा, प्रसंग, आलेख देऊन त्यावर. तिथे तर हायलायटर काहीच कामाचा नाही.

धायरीवाली
पण मग स्टेट बोर्डाचंही दोनदा होणार आहे का? आमच्या ग्रुपवर एक काका ठामपणे हो म्हणतायत.

खडूफळा
काकांना बोर्डात नोकरी आहे का? नसेल तर ऐकू नका :)

आपल्याकडे जून-जुलैची पुरवणी परीक्षा आहेच, पास झालेल्यालाही गुण वाढवायला श्रेणीसुधारमधून परत बसता येतं. ती सोय जुनीच आहे, तिचं नवीन काही नाही. बाकीच्या बातम्या एकेक करून सांगते, सासूबाईंना वाचून दाखवा.

राज्यात सीबीएसई पॅटर्न येतोय तो पहिलीपासून टप्प्याटप्प्याने. तुमच्या मुलीची पुस्तकं २०१८ मध्ये आली तीच आहेत, भूगोलात भारत आणि ब्राझीलच आहे, काहीही बदललेलं नाही. पहिलीपासून हिंदी शिकवण्याचे दोन जीआर (सरकारी आदेश) गेल्या वर्षी १६ एप्रिल आणि १७ जूनला निघाले, २९ जूनला दोन्ही मागे घेतले, नरेंद्र जाधव समिती नेमली, आणि तो सगळा वाद पहिलीच्या पोरांचा. पाचवी-आठवीला आता वार्षिक परीक्षेत नापास झाला तर फेरपरीक्षा आणि त्यातही नापास तर त्याच वर्गात, हे धाकटं भावंड असेल तर बघा. अकरावीचं ऑनलाइन गेल्या वर्षीपासून सगळ्या राज्याला लागू झालंय, दहा कॉलेजांपर्यंत पसंतीक्रम देता येतो, पण ते निकालानंतरचं काम, आत्तापासून फर्ग्युसनचा कटऑफ बघत बसू नका.

तुमच्या कामाची गोष्ट एकच, आणि ती तीन वर्षं झाली आहे पण अजून पालकांना माहीत नसते. पूर्वी पेपर दहा मिनिटं आधी वाचायला द्यायचे ते २०२३ पासून बंद. आता ११ ला पेपर हातात आणि शेवटी दहा मिनिटं जास्त. म्हणजे दोन तासांचा पेपर १ वाजून १० ला संपतो. घरी सराव करताना हेच घड्याळ लावा. आणि सकाळी ११ लाच बसवा, रात्री दहाला पलंगावर लोळत सोडवलेला पेपर मी सरावात धरत नाही.

अवांतराचा_राजा
हिंदीचा विषय निघालाच आहे तर माझं स्पष्ट मत असं आहे की

पेठेतला_पक्या
नको. त्याला वेगळा धागा काढा, मी पॉपकॉर्न घेऊन येतो. इथे पोरीची दहावी आहे.

हडपसर_एक्सप्रेस
धागा दहावीचा आहे पण स्कॉलरशिपचं विचारू का. मुलगा चौथीत. शाळेने आता सांगितलं की चौथीलाच स्कॉलरशिप आहे. मी तर पाचवीला आहे म्हणून निवांत होतो. मोठीने पाचवीत दिली होती.

लाल_पेन
बरोबर सांगितले शाळेने. पूर्वी चौथी-सातवीलाच होती, २०१६-१७ पासून पाचवी-आठवीला गेली, आता परत चौथी-सातवीला आणली. मधला खड्डा पडू नये म्हणून या वर्षी चौथी, पाचवी, सातवी, आठवी अशा चारही इयत्तांची आहे. चौथी-सातवीची एप्रिल-मे मध्ये, त्यामुळे तुमच्या हातात वेळ आहे. दोन पेपर, प्रत्येकी ७५ प्रश्न, १५० गुण, दीड तास. पहिल्यात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता.

चौथीच्या मुलाला रोज पेपर सोडवायला बसवू नका एवढे मात्र ऐका. बुद्धिमत्तेचे पाच प्रश्न जेवताना विचारले तरी पुष्कळ होते. या वयात कंटाळला की विषयच टाकून देतो.

हडपसर_एक्सप्रेस
धन्यवाद सर. जेवताना सध्या युट्यूब चालू असतं, बघतो.

दहावी_ड
मी स्वतः दहावीत आहे, आईच्या आयडीवरून नाही माझ्याच आयडीवरून लिहितोय. वन शॉट व्हिडिओ बघितले तर चालतात का? एका तासात अख्खा धडा होतो. आमच्या वर्गात सगळे तेच करतात २x वर.

खडूफळा
धडा कोणाचा होतो? व्हिडिओवाल्याचा. त्याला येत होताच. एखादी गोष्ट मुळातच कळली नसेल, समजा विद्युत मोटारीत कॉइल फिरते कशी, तर तेवढा भाग जरूर बघ, उलट व्हिडिओत ते पुस्तकापेक्षा चांगलं दिसतं. पण बघून झालं की फोन दुसऱ्या खोलीत आणि मोटारीची आकृती नावांसकट कोऱ्या कागदावर. दुभंगलेली कडी कुठे, कुंचले कुठे. ते न करता पुढचा व्हिडिओ लावलास तर करमणूक झाली, अभ्यास नाही.

गप्प_बसा
हे मात्र पटलं. आमच्या नातवालाही हेच सांगतो, तो म्हणतो आजोबा तुम्हाला कळत नाही.

धायरीवाली
अपडेट देते. भिंगाचं गणित दिलं. ६ सेमी. अगदी तुम्ही लिहिलंत तसं. आधी तिला पटेचना, म्हणे सूत्रात घातलं की बरोबर. मग आकृती काढायला लावली, गप्प झाली, मग स्वतःच म्हणाली "अगं ते मायनस". त्यानंतर आरशासारखंच की वेगळं यावर ती आणि तिचा बाबा अर्धा तास वाद घालत होते, दोघांनी मिळून पुस्तक उघडलं. इथपर्यंत छान झालं.

पण नंतरचं सांगते. तुमचं वाचून मी उत्साहाने महत्त्वमापनाची सगळी उदाहरणं चिठ्ठ्यांवर लिहिली, शंकू, वृत्तचिती, गोल, शंकूछेद (टोक कापलेला शंकू), आणि त्यात वर्तुळाची आणि त्रिकोणमितीची पण घातली, पिसून एकेक द्यायला लागले. आधी एकेक प्रकरण सलग सोडवताना तिची बहुतेक बरोबर यायची. या चिठ्ठ्यांत निम्मी चुकली. वही आपटली, जेवली नाही, "तुझ्यामुळे जे येत होतं तेपण गेलं" असं ऐकवलं. आता मी काय करू? बंद करू का हे?

मेंदूपुराण
नका बंद करू! हे असं होणारच आणि यावरच एक प्रयोग आहे, तोही घनफळाच्या गणितांवर. रोहरर आणि टेलर, २००७. एका गटाने एका प्रकारची सगळी उदाहरणं सलग सोडवली, दुसऱ्या गटाने तीच पिसून. सराव चालू असताना सलगवाल्यांची ८९ टक्के बरोबर आणि पिसलेल्यांची ६० च. म्हणजे तुमच्या घरात झालं तेच. आठवड्याने परीक्षा घेतली, सलगवाले २० टक्क्यांवर, पिसलेले ६३ वर.

कारण सरळ आहे, शंकूछेदाच्या सरावसंचात शंकूछेदाचंच सूत्र लागणार हे वर शीर्षकातच लिहिलेलं असतं. पेपरात शीर्षक नसतं, कुठलं सूत्र लावायचं हे ओळखणं हेच अर्धं गणित आणि त्याचा सराव सलग सोडवताना होतच नाही.

खडूफळा
आकडे बरोबर असतील पण पोरगी जेवली नाही हेही बघायला पाहिजे. मी वर्गात एकदम सगळं पिसत नाही. आधी दोनच प्रकार, शंकू आणि शंकूछेद. ते ओळखता यायला लागले की तिसरा. आणि पहिले काही दिवस तिला सोडवायला लावूच नका, चिठ्ठी वाचून नुसतं सांगायचं की आकार कुठला, काय काढायचंय, सूत्र कुठलं. आकडेमोड नाही त्यामुळे दहा मिनिटांत पुष्कळ चिठ्ठ्या होतात आणि वही आपटायची वेळ येत नाही. बादली दिली की शंकूछेद, आइस्क्रीमचा कोन दिला की शंकू आणि वर अर्धगोल, हे डोळ्याला बसलं पाहिजे.

दुसरं, हे तुम्ही घेऊ नका. आईने विचारलं की ती परीक्षा होते आणि चुकलं की भांडण. मैत्रिणीला फोनवर एकमेकींना विचारू दे, किंवा एकटीने चिठ्ठी काढू दे. तुम्ही फक्त लाल शाईचे कागद एका फाईलला लावून ठेवा, रविवारी दोघी मिळून बघा कुठे परत परत लाल होतंय.

कोथरूडकरीण
+१ आईने घेऊ नये याला. आमच्याकडे विज्ञान मामा घेतो, व्हिडिओ कॉलवर, नाशिकहून. मी फक्त खिचडी टाकते.

सुखसागर_नगर
पहाटे उठवायचं की रात्री जागू द्यायचं हाही प्रश्न आहे आमच्याकडे. समोरच्या कार्यालयात लग्नं सुरू झालीत, रात्री डीजे, पोरगा म्हणतो अभ्यासिकेत जातो. पेठांमधल्या अभ्यासिका सगळ्या एमपीएससीवाल्यांनी भरलेल्या, दहावीच्या पोराला तिथे पाठवावं का?

खडूफळा
घराजवळ महापालिकेची असेल तर विचारा, पेठेत जाऊन-येऊन दीड तास ट्रॅफिकमध्ये जाणार. त्यापेक्षा शाळेत सांगा, पूर्वपरीक्षेनंतर बऱ्याच शाळा दहावीला वर्ग उघडून देतात. झोपेचं म्हणाल तर पहाट की रात्र यावर भांडू नका, एकूण झोप पूर्ण होते का ते बघा. जागून वाचलेलं पक्कं व्हायला झोपच लागते. आणि पेपर सकाळी आहेत तर फेब्रुवारीत तरी डोकं सकाळी चालायची सवय पाहिजे.

अवांतराचा_राजा
कोणीच विचारत नाहीये पण २०२१ ला परीक्षाच झाली नव्हती, निकाल ९९.९५ टक्के. ती बॅच कुठे अडली? परीक्षाच बंद करा.

गप्प_बसा
त्या बॅचला अकरावीत काय झालं ते कॉलेजातल्या शिक्षकांना विचारा.

धायरीवाली
चिठ्ठ्या आता ती आणि तिची मैत्रीण फोनवर घेतात, मी स्वयंपाकघरातून ऐकते. सूत्र ओळखण्यापर्यंतच, तुम्ही म्हणालात तसं. अजून चुकतायत, पण हसत चुकतायत. क्रॅश कोर्सवाल्यांना विचारलं पेपर तपासून परत देता का, तर म्हणे "ॲपवर ॲन्सर की येते". मग नाही लावला. लाल_पेन सर, भूगोलाचं एक विचारायचं होतं, तिचे नकाशाचे मार्क जातात. ठिकाणं बरोबर असतात तरी.

लाल_पेन
सूची करते का? नकाशा भरून सूची दिली नाही तर गुण जातात. चिन्ह नकाशात एक आणि सूचीत दुसरे असेही होते. भारत आणि ब्राझील दोन्हीचे कोरे आराखडे आणून रोज एक भरायला सांगा, पुस्तक न बघता, पेन्सिलीने. ब्राझीलमध्ये मुले ॲमेझॉनचे खोरे आणि पँटानल बरोबर दाखवतात पण किनाऱ्यावरची शहरे एकमेकांच्या जागी टाकतात. उत्तरेकडून खाली येत क्रमाने म्हणायची सवय लावा.

दहावी_ड
मॅडम शंकूछेदाची सूत्रं पेपरात दिलेली असतात का?

खडूफळा
नाही. तिरप्या उंचीचं सूत्र आत्ता पुस्तक न बघता इथे लिही.

दहावी_ड
वर्गमूळात उंचीचा वर्ग अधिक दोन्ही त्रिज्यांच्या बेरजेचा वर्ग

खडूफळा
फरकाचा वर्ग, बेरजेचा नाही. बादलीची आकृती काढ आणि काटकोन त्रिकोण कुठे होतो ते बघ. गुरुवारी परत विचारणार आहे.